पिठल्यातली गुठळी आणि पोटातली गोळी

मेसच्या पिठल्याला कधीच नावं ठेवली नाहीत असा विद्यार्थी आपल्या होस्टेलमध्ये शोधूनही सापडणार नाही. त्यात गुठळी दाताखाली आली की संपलंच! वरून मऊ, गुळगुळीत आणि फोडली की आत कोरडं बेसन, जसंच्या तसं. एवढा वेळ उकळत्या पाण्यात राहूनही आतल्या पिठाला पाण्याचा थेंब लागलेला नसतो. आपण ती ताटाच्या कडेला सारतो आणि गप्प बसतो, कारण उद्याही तिथेच जेवायचं असतं.

आज मी या गुठळीची बाजू घेऊन लिहिणार आहे. दिवसातून एकदाच घ्यायच्या अनेक गोळ्या पोटात तासन् तास हळूहळू औषध सोडतात, त्या नेमक्या अशाच गुठळ्या बनून. फरक एवढाच की स्वयंपाकात गुठळी चुकून होते आणि औषधाच्या कारखान्यात ती मुद्दाम, मोजूनमापून करावी लागते. गंमत म्हणजे ही गुठळी करायला लागणारा माल आपल्या चांगल्या ओळखीचा आहे : गवार, चिंचोका, इसबगोल, मेथी.

मी केमिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी ‘वनस्पतिजन्य पॉलिमर वापरून जठरात औषध रोखून धरणे’ हा विषय घेतला तेव्हा “अरे, हे फार्मसीवाल्यांचं काम, तू कशाला डोकं घालतोस?” असं बऱ्याच जणांनी ऐकवलं. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की यात जेवढं औषधशास्त्र आहे तेवढंच आपलं मास ट्रान्सफर, घनता, चिकटपणा आणि क्वालिटी कंट्रोल आहे. तेव्हा मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनीही पान उलटू नये, ही विनंती.

औषध हळूहळू कशाला सोडायचं?

साधी गोळी पोटात गेली की काही मिनिटांत विरघळून मोकळी होते. रक्तातलं औषधाचं प्रमाण झपकन वर चढतं आणि नंतर उतरत जातं. पुढची गोळी घेतली की पुन्हा चढ, पुन्हा उतार. आलेख काढला तर करवतीच्या दातांसारखा दिसतो. वरच्या टोकाला दुष्परिणामांची भीती, खालच्या टोकाला औषध असून नसल्यासारखं. शिवाय दिवसातून तीन वेळा गोळी लक्षात ठेवायची कोणी? सकाळची घेतली जाते, रात्रीची घेतली जाते, दुपारची हमखास राहते.

हा प्रश्न काही थोड्याथोडक्यांचा नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणजे हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांच्या घरात किंवा शेजारी मेटफॉर्मिनची पट्टी असणारच. म्हणून मी उदाहरण म्हणून मेटफॉर्मिनच घेतो.

मेटफॉर्मिन हा मोठा हट्टी पाहुणा आहे. तो रक्तात शिरतो तो मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागातून. पुढे मोठ्या आतड्यात पोचला की त्याचं शोषण फारच कमी होतं. साधी गोळी रिकाम्या पोटी घेतली तरी त्यातलं ५० ते ६० टक्केच औषध रक्तात पोचतं. आता विचार करा, आपण अशी गोळी बनवली की जी १२ तास औषध सोडते. ती वाटेत कुठे कुठे असेल?

जठर म्हणजे रिकामी होण्यासाठी बांधलेली टाकी

रिकाम्या पोटात साधारण दर दीड ते दोन तासांनी स्नायूंच्या आकुंचनाची एक जोरदार लाट येते. शास्त्रज्ञांनी तिला घर झाडणाऱ्या बाईची उपमा दिली आहे. जठरात जे काही न पचलेलं उरलं असेल ते झाडून पुढे आतड्यात लोटायचं, हे तिचं काम. जठराच्या शेवटी पायलोरस नावाचं एक दार असतं, ते साधारण १२-१३ मिलिमीटर रुंद. जेवण झाल्यावर हे दार चाळणीसारखं वागतं. एक-दोन मिलिमीटरपर्यंत बारीक झालेला घास पुढे जातो, मोठा तुकडा मागे राहतो आणि पुन्हा घुसळला जातो. पण पोट रिकामं झालं की ती झाडणारी लाट येते, दार सताड उघडतं आणि गोळीसुद्धा केरासारखी बाहेर जाते.

लहान आतड्यातला प्रवास मात्र बऱ्यापैकी ठरलेला, साधारण ३ ते ४ तासांचा. आता हिशेब करू. रिकाम्या पोटी घेतलेली गोळी जठरात समजा दीड तास थांबली आणि लहान आतड्यात साडेतीन तास. झाले पाच तास. गोळीत औषध भरलंय १२ तासांचं. उरलेले सात तास ती मोठ्या आतड्यात बसून औषध सोडत राहणार, जिथे ते घ्यायला कोणी नाही! एसटी आपल्या गावचा थांबा सोडून पुढे निघून गेल्यावर कंडक्टरने दार उघडावं, तसला प्रकार.

म्हणून नुसतं ‘हळू सोडणं’ पुरत नाही. ‘थांब्याच्या आधी थांबून हळू सोडणं’ लागतं. गोळी जठरात थांबली आणि तिथून थोडं थोडं औषध खाली पाठवत राहिली, तरच लहान आतड्याला ते सावकाश घेता येतं. पार्किन्सनच्या आजारातलं लेव्होडोपा हेही असंच वरच्या भागात शोषलं जाणारं औषध.

अर्थात हा उपाय सरसकट सगळ्या औषधांना लागू नाही. अ‍ॅस्पिरिनसारखी जठराला चावणारी औषधं तिथेच तासन् तास ठेवणं म्हणजे अल्सरला आमंत्रण. आणि जे औषध आम्लात नष्ट होतं त्याला जठरात थांबवण्यात काहीच अर्थ नाही.

गुठळीचं शास्त्र

आता पुन्हा पिठल्याकडे वळू. बेसन पाण्यात पडलं की बाहेरचा थर आधी भिजतो, फुगतो आणि चिकट होतो. हा चिकट थरच पुढच्या पाण्याला अडवतो. म्हणून आतलं पीठ कोरडं राहतं. गवारीच्या डिंकाची भुकटी औषधात मिसळून दाबून गोळी केली की जठरात हेच घडतं. पॉलिमरच्या कडक, सुकलेल्या साखळ्यांमध्ये पाणी शिरतं, त्या सैल होतात, एकमेकींत गुंततात आणि गोळीभोवती जेलचा एक अंगरखा तयार होतो. आतलं औषध पाण्यात विरघळून या अंगरख्यातून वाट काढत बाहेर येतं. यालाच आपण डिफ्यूजन म्हणतो. मराठीत त्याला ‘विसरण’ असा शब्द आहे आणि परीक्षेत आपण तो नावाप्रमाणे विसरतोही.

एकाच वेळी तीन गोष्टी चालू असतात. पाण्याची सीमा आत सरकत असते, औषध बाहेर येत असतं आणि जेलचा सगळ्यात बाहेरचा थर झिजत असतो. या तिघांचा मेळ बसला तर औषध बाहेर पडण्याचा वेग जवळजवळ एकसारखा ठेवता येतो. झीज फार कमी असेल तर अंगरखा जाड होत जातो, औषधाची वाट लांबते आणि वेग मंदावत जातो.

१९६१ साली ताकेरू हिगुची यांनी मलमातून औषध कसं बाहेर पडतं याचं गणित मांडलं. पुढे तेच गणित गोळ्यांनाही लागू केलं गेलं. त्याचं सार असं की बाहेर आलेलं औषध वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. म्हणजे पहिलं २५ टक्के औषध एका तासात आलं तर ५० टक्क्यांना दोन तास नव्हे, चार तास लागतात. एम-थ्रीची धास्ती घेतलेल्यांनी घाबरू नये, एवढं एक सूत्र समजलं तरी निम्मा विषय समजला.

मग प्रश्न येतो की बेसनाचीच गुठळी का नाही चालत? कारण पिठातल्या स्टार्चचे बंध तोडणारी अमायलेज नावाची विकरं आपल्या लाळेत आणि स्वादुपिंडाच्या रसात असतात. गवार किंवा चिंचोक्याच्या पॉलिमरमध्ये साखरेचे रेणू वेगळ्या पद्धतीने जोडलेले असतात. त्या जोडाची किल्ली आपल्या पचनसंस्थेकडे नाही. जठर आणि लहान आतडं पार करून तो अंगरखा मोठ्या आतड्यात पोचतो तेव्हा तिथले जिवाणू त्याचा फडशा पाडतात. म्हणजे काम असेपर्यंत टिकणारा आणि काम झालं की नाहीसा होणारा माल! इंजिनिअरला आणखी काय हवं?

थांबायचं कसं : फुगून, चिकटून की तरंगून?

जठरात मुक्काम ठोकायचे मुख्य मार्ग तीन.

पहिला, फुगणे. गोळी दारापेक्षा मोठी झाली तर दार तिला लगेच जाऊ देत नाही. इथे जेवणाची मदत होते. पोटात जेवण असेपर्यंत ती झाडणारी लाट येत नाही. मेटफॉर्मिनच्या अशा गोळ्या रात्रीच्या जेवणासोबत घ्यायला सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे. २००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ग्लुकोफाज एक्सआर या गोळीचे आकडे बोलके आहेत. साध्या मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण सुमारे अडीच तासांनी टोकाला पोचतं, या गोळीचं सुमारे सात तासांनी.

दुसरा, चिकटणे. जठराच्या आतल्या अस्तरावर श्लेष्म्याचा थर असतो. काही पॉलिमर त्याला घट्ट धरतात. पण हा थर सतत झडत असतो आणि नवा येत असतो. भिंतीला पोस्टर चिकटवलं आणि भिंतीचा पोपडाच निघाला, अशी गत होऊ शकते.

तिसरा, तरंगणे. हा मला सगळ्यात आवडलेला मार्ग, कारण याचं गणित कागदाच्या मागच्या बाजूवर होतं. समजा गोळीचं वजन १ ग्रॅम आणि घनता १.२५ आहे. म्हणजे आकारमान ०.८ मिलिलिटर. जठरातल्या द्रवाची घनता पाण्याएवढीच, साधारण १. तरंगायचं तर १ ग्रॅमच्या गोळीने १ मिलिलिटरपेक्षा जास्त जागा व्यापली पाहिजे. म्हणजे ०.२ मिलिलिटर कमी पडतंय. गोळी पाणी पिऊन फुगली तर? उपयोग नाही! पाण्याचं जेवढं वजन वाढतं तेवढंच आकारमान वाढतं, तूट तशीच राहते. ती भरून काढायला हवाच लागते.

ही हवा कुठून आणायची? खायच्या सोड्यातून. गोळीत थोडा सोडियम बायकार्बोनेट घातला की जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल त्याच्यावर क्रिया करून कार्बन डायऑक्साइड तयार करतं. ८४ मिलिग्रॅम सोडा पूर्ण वापरला गेला तर शरीराच्या तापमानाला साधारण २५ मिलिलिटर वायू निघतो. आपल्याला हवाय ०.२ मिलिलिटर. म्हणजे शंभरातला एक बुडबुडा जरी जेलच्या जाळ्यात अडकला तरी गोळी वर येते. भजी फुलतात तेच तत्त्व, फक्त इथे कढई म्हणजे जठर.

पण जेल पातळ असेल तर बुडबुडा निसटतो आणि फारच ताठ असेल तर वायूच्या दाबाने गोळीला तडा जातो. जठरात आम्ल कमी असेल तर वायूच नीट तयार होत नाही. पोटात पुरेसा द्रव नसेल तर तरंगायचं कशावर? माणूस आडवा झाला की तरंगण्याचा फायदाही बराच कमी होतो. म्हणून चांगली रचना एकाच मार्गावर अवलंबून राहत नाही. रॅनबॅक्सी या भारतीय कंपनीने सिप्रोफ्लॉक्सासिनसाठी अशी रचना केली आणि २००१ साली तिला अमेरिकन पेटंट मिळालं. त्यात समुद्री शेवाळापासून मिळणारं सोडियम अल्जिनेट, जिवाणूंपासून मिळणारा झँथन डिंक आणि वायू देणारा सोडा एकत्र काम करतात. वायू उचलतो, जेल धरून ठेवतं, फुगलेला आकार दारात अडतो.

घरचे उमेदवार

आता आपल्या ओळखीच्या मंडळींची हजेरी घेऊ.

गवार. भाजीतली नव्हे, तिचं बी. साल आणि अंकुर काढल्यावर उरतो तो गर. त्यात मॅनोज या साखरेची लांब साखळी असते आणि साधारण दर दोन मॅनोजमागे गॅलॅक्टोजचा एक रेणू बाजूला लटकलेला असतो. या लटकनांमुळे साखळ्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत, पाण्याला आत शिरायला जागा मिळते. नुसतं १ टक्का द्रावण केलं तरी ते पाण्याच्या काही हजार पट चिकट होतं. जगातली बहुतांश गवार भारतात पिकते, त्यातही मुख्यतः राजस्थानात.

मेथी. तिची घडण गवारीसारखीच, पण लटकनं जवळजवळ प्रत्येक मॅनोजवर. रात्री भिजत घातलेली मेथी सकाळी बुळबुळीत होते ती यामुळे.

चिंचोका. आपल्याकडे घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, हे धनगरवाड्यांजवळ राहणाऱ्यांना सांगायला नको. त्यातला पॉलिमर म्हणजे झायलोग्लुकन. तो ओलसर अस्तराला छान धरून राहतो. त्यामुळेच कोरड्या डोळ्यांसाठीच्या काही थेंबांमध्येही त्याचा वापर होतो.

इसबगोल. गुजरातेतल्या उंझ्याची बाजारपेठ यासाठी प्रसिद्ध आहे. बियांवरचा भुसा पाण्यात पडला की बघता बघता फुगतो. यातला पॉलिमर अरॅबिनोझायलन.

कांडोळ. उन्हाळ्यात जंगलात पांढऱ्या खोडाचं, पानं झडलेलं जे झाड रात्री भुतासारखं दिसतं तेच हे. याचा डिंक पाण्यात फारसा विरघळत नाही, नुसता फुगतो. म्हणून गुठळी टिकाऊ. पण चीक काढायला खोडाला वाटेल तशा खाचा मारल्या तर झाड मरतं, हेही विसरून चालणार नाही.

भेंडी. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांत उसाच्या रसातली मळी वर आणायला भेंडीच्या रोपाचा चिकट रस वापरतात. त्याच बुळबुळीत पॉलिमरवर गोळ्यांसाठीही प्रयोग झाले आहेत.

आणि आपला लाडवातला बाभळीचा डिंक? तो या परीक्षेत नापास! पाण्यात चटकन विरघळतो, द्रावण फारसं घट्टही होत नाही. अंगरखा बनायच्या आतच तो वाहून जातो. गोळी बांधायला उत्तम, पण रोखून धरायला एकटा पुरेसा नाही. सगळे डिंक सारखे नसतात, हे पटवायला एवढं एक उदाहरण बास.

खोलीवर करून बघण्यासारखा प्रयोग म्हणजे दोन पेले पाणी घ्या. एकात चमचाभर इसबगोल, दुसऱ्यात तेवढीच डिंकाची भुकटी टाका आणि दोन्ही ढवळा. पंधरा मिनिटांनी आणि तासाभराने बघा. एका पेल्यात घट्ट गिजगा, दुसऱ्यात पातळ पाणी. सेमिनारमध्ये बारा स्लाइड दाखवून जे पटत नाही ते इथे दिसतं.

मग हे सगळं बाजारात का दिसत नाही?

हा प्रश्न मला सेमिनारमध्ये सरांनी विचारला आणि खरं तर तोच या विषयाचा गाभा आहे. वनस्पतींच्या डिंकांवर शोधनिबंधांचा पाऊस पडलेला आहे. एखाद्या झाडाचा चीक घ्यायचा, त्याची गोळी करायची, ती आठ-दहा तास तरंगते असं दाखवायचं. पण दुकानातल्या गोळीचं वेष्टन वाचलं तर बहुतेक वेळा नाव दिसतं हायप्रोमेलोज, म्हणजेच एचपीएमसी.

हे एचपीएमसी कुठून येतं? लाकडाच्या किंवा कापसाच्या सेल्युलोजपासूनच! म्हणजे मूळ वनस्पतीच. पण कारखान्यात त्यावर रासायनिक प्रक्रिया करून त्याची घडण ठरवून घेतलेली असते. ते ग्रेडने विकत मिळतं : के४एम, के१५एम, के१००एम. हे आकडे म्हणजे २ टक्के द्रावणाचा चिकटपणा, अनुक्रमे सुमारे ४ हजार, १५ हजार आणि १ लाख सेंटिपॉइज. आज घ्या, पुढच्या वर्षी घ्या, ठरलेल्या मर्यादेत तोच माल मिळणार.

गवारीचं तसं नाही. वाण कोणतं, पाऊस किती झाला, साल आणि अंकुर किती नीट काढले, किती बारीक दळलं, किती दिवस पडून होतं, जिवाणूंनी किती खाल्लं, या सगळ्यांवर चिकटपणा बदलतो. दळण जाड असेल तर डिंक भिजायला वेळ लागतो आणि अंगरखा बनायच्या आत पाणी गाभ्यापर्यंत पोचून गोळी फुटते.

शेजारच्या फार्मसी कॉलेजातल्या मित्राच्या प्रयोगशाळेत मी हे डोळ्यांनी पाहिलं. सहा काचपात्रं, प्रत्येकात ९०० मिलिलिटर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, ३७ अंश सेल्सिअस तापमान आणि वल्ह्यासारखा फिरणारा दांडा. एकाच कृतीच्या गोळ्या, फक्त गवारीच्या डिंकाची पोती वेगळी. एका पोत्यातल्या डिंकाच्या गोळ्या दुपारभर पाण्यावर डुलत होत्या. दुसऱ्याच्या गोळ्या चहा पिऊन परत येईपर्यंत तळाशी भुगा होऊन पडल्या होत्या. मित्र म्हणाला, “जर्नलमध्ये मी पहिला आलेख लावीन, पण पेशंटच्या पोटात दुसरी गोळी गेली तर?”

हा विनोदाचा विषय नाही. दिवसभराचा डोस एका तासात मोकळा होण्याला औषधशास्त्रात डोस डंपिंग म्हणतात. मात्रेत थोडा फरकही न चालणाऱ्या औषधाच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकतं.

त्यात बाजाराची भर. खडकातलं तेल आणि वायू काढण्यासाठी अमेरिकेत जमिनीखाली जे द्रव दाबाने सोडतात ते घट्ट करायलाही गवारीचाच डिंक लागतो. २०११-१२ मध्ये ही मागणी एवढी वाढली की भाव गगनाला भिडले आणि मार्च २०१२ मध्ये भारतात गवारीचे वायदे व्यवहार थांबवावे लागले. एक तेलविहीर आणि एक औषधाची गोळी एकाच पोत्यासाठी रांगेत उभ्या असतील तर गोळीचा नंबर कधी लागणार?

म्हणून माझं मत असं झालं आहे : ‘नैसर्गिक’ हे प्रमाणपत्र नव्हे, ती फक्त सुरुवात आहे. डिंक झाडाचा आहे म्हणून तो आपोआप चांगला ठरत नाही आणि कारखान्यातला म्हणून आपोआप वाईटही ठरत नाही. गवारीला किंवा चिंचोक्याला गोळीत मानाची जागा हवी असेल तर तिलाही आपली ग्रेड कमवावी लागेल. स्वच्छ करणं, चाळणं, चिकटपणा मोजणं, दोन पोती मिसळून ठरावीक चिकटपणा साधणं, साठवण सुधारणं, हे काम आपलं आहे. समुद्री शेवाळाने ते करून दाखवलं आहे. पित्त वर येण्यावर जे गॅव्हिस्कॉन मिळतं त्यात अल्जिनेटचा तराफा जठरातल्या आम्लावर तरंगतो आणि ते वर येऊ देत नाही. झाडपाल्यातली वस्तू मोजमापात बसली की ती जगभर जाते.

हे सगळं घरी सांगायला हवं, ते का?

माझ्या आजोबांना मेटफॉर्मिनची गोळी गिळायला जड जाते. “एवढी मोठी गोळी घशाखाली उतरत नाही रे,” ही त्यांची नेहमीची तक्रार. म्हणून आत्या ती खलबत्त्यात कुटून मधातून द्यायची, अगदी मायेने. आजोबांना मळमळ आणि जुलाब सुरू झाले. सगळ्यांना वाटलं जेवणात काही आलं असेल. डॉक्टरांनी गोळी कशी देता हे विचारलं तेव्हा उलगडा झाला. “अहो, ही गोळी फोडायची नसते,” असं म्हणून त्यांनी लहान आकाराची साधी गोळी दिवसातून दोनदा लिहून दिली. प्रश्न मिटला.

आत्याचं काय चुकलं? तिला कोणी सांगितलंच नव्हतं की त्या गोळीत औषधाइतकंच महत्त्वाचं त्याच्याभोवती तयार होणारं जेल आहे. कुटली की ते जेल बनत नाही आणि संथपणे मिळायचं औषध एकदम पोटात पडतं. पट्टीवर इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, पण ते वाचतो कोण?

आणखी दोन गोष्टी. अशा गोळ्या घेणाऱ्यांना कधीकधी शौचात गोळीच्या आकाराचा मऊ गोळा दिसतो आणि ते घाबरतात, “औषध लागूच पडलं नाही!” तसं नसतं. औषध केव्हाच शोषलेलं असतं, बाहेर पडतो तो रिकामा अंगरखा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. जो डिंक जठरात फुगतो तो घशातही फुगू शकतो. वजन कमी करण्यासाठी म्हणून अमेरिकेत गवारीच्या डिंकाच्या गोळ्या विकल्या जात होत्या. त्या अन्ननलिकेत अडकल्याच्या आणि आतड्यात अडथळा झाल्याच्या २६ घटनांचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. म्हणून इसबगोल असो की असली गोळी, भरपूर पाण्यासोबत घ्यायची. कोरडी तोंडात टाकून वर घोटभर चहा, हे चालणार नाही. आणि झोपायला टेकता टेकता तर मुळीच नाही.

शेवटी एक गृहपाठ, याला सबमिशनची तारीख नाही. या सुट्टीत घरी गेलात की औषधांचा डबा उघडा. ज्या पट्टीवर नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर किंवा पीआर ही अक्षरं असतील ती बाजूला काढा. आजी-आजोबांना, आई-बाबांना विचारा की ही गोळी कशी घेता? अख्खी की अर्धी? पाण्यासोबत की तशीच? अशा काही मोजक्या गोळ्यांवर मधोमध रेघ असते आणि त्या अर्ध्या करता येतात, बऱ्याच करता येत नाहीत. शंका आली तर गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टना विचारा. गिळणं जमत नसेल तर तेही सांगा, दुसरा मार्ग असतो.

हे विचारायला दहा मिनिटं लागतात. आमच्या घरी ती दहा मिनिटं कोणी काढली असती तर आजोबांचे दोन आठवडे वाचले असते.